आधी तीसचा साइन विचार

तुझ्या प्रोग्रॅमचं उत्तर १.५६६ आलं आणि तू लगेच मला फोटो पाठवलास. पुस्तकात काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास दिलेला असतो, तुझाही तिथंच आला, म्हणजे जमलं, असं तुला वाटलं. मी फोटो मोठा करून पाहिला. आपतन कोन ४५ अंश, अपवर्तन कोन २७.७ अंश. मग कपाटातून जुनं लॉगटेबल काढलं. ४५ अंशांचा साइन ०.७०७१, २७.७ अंशांचा ०.४६४८. भागाकार १.५२१.

पोरी, तुझ्या रीडिंगमध्ये चूक नाही. चूक प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ती फार वाईट जातीची आहे, कारण तिनं दिलेलं उत्तर खऱ्यासारखं दिसतं. उत्तर उणे आलं असतं किंवा सत्तेचाळीस आलं असतं तर तू स्वतःच थांबली असतीस. इथं थांबायचं काही कारणच दिसलं नाही.

झालंय असं की पायथनच्या साइनला अंश कळत नाहीत. त्याला जे द्याल ते तो रेडियन समजतो. तू ४५ दिलेस, त्यानं ४५ रेडियन घेतले, म्हणजे सात पूर्ण फेऱ्या मारून वर थोडं पुढं. २७.७ दिलेस, तो चार फेऱ्या आणि पाचवी निम्मी होत आली तिथं जाऊन थांबला. त्या दोन भलत्याच जागांच्या साइनचा भागाकार योगायोगानं १.५६६ निघाला. माझं खरं वाटत नसेल तर त्याच प्रोग्रॅममध्ये २७.७ च्या जागी २८ टाकून बघ. ३.१४ येईल. अर्ध्या अंशाहूनही कमी फरक, आणि उत्तर दुप्पट.

यातूनच पहिला कानमंत्र घे. प्रोग्रॅम लिहून झाला की आपली रीडिंग त्यात घालायची नाहीत. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे ते त्याला विचारायचं. तीस अंशांचा साइन छापून दाखव म्हणायचं. ०.५ आला तर पुढं जायचं. उणे ०.९८८ आला तर समजायचं की कोन रेडियनमध्ये बदलायचा राहिलाय. ते काम करणारं ‘रेडियन्स’ नावाचं फंक्शन पायथनच्या ‘मॅथ’मध्ये तयार आहे, साइनच्या कंसात त्याला घातलं की झालं. मग दोन्ही कोन सारखे देऊन बघायचं, तीस आणि तीस. किरण वाकलाच नाही तर अपवर्तनांक १ यायला हवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळून पुढं गेलेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

दुसरी तपासणी मला आमच्या सरांनी शिकवली, त्या वेळी आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, कॅल्क्युलेटरही एकट्या सरांकडेच होता. ते म्हणायचे, उत्तर आलं की रीडिंगला जरासा धक्का देऊन बघा. तुझंच उदाहरण घे. तू तीनदा कोन मोजलास: २८, २७.५, २७.५. सरासरी २७.६७, ती तू २७.७ केलीस. तुझ्या चुकलेल्या प्रोग्रॅमला २७.६७ दे, तो १.४९८ सांगेल. तीन शतांश अंशानं उत्तर १.५७ वरून १.५० वर! काच अशी वागत नसते. बरोबर प्रोग्रॅममध्ये त्याच धक्क्यानं उत्तर १.५२१ वरून १.५२३ वर जातं, तेवढंच जायला हवं. जे उत्तर फुंकरीनं उडतं त्याच्यावर काही बांधू नये.

आमच्या वेळी ही रेडियनची भानगड नव्हती. लॉगटेबलातला साइनचा तक्ता अंश आणि मिनिटांचाच, त्यामुळं तशी चूक करायला वावच नव्हता. आमच्या चुका वेगळ्या होत्या. त्यातली एक अजून जिवंत आहे म्हणून सांगते. मधल्या पायरीवर आकडे छाटू नकोस. ०.७०७१ चं ०.७१ आणि ०.४६४८ चं ०.४६ करून भागलंस तर १.५४३ येतं. रीडिंग तेच, काच तीच, आणि दुसऱ्या दशांश स्थळालाच घोळ. छाटायचं ते शेवटी, एकदाच.

आणखी एक, ही खास तुमच्या पिढीची. पुस्तकात आपतन कोनाला ‘आय’ हे अक्षर असतं. प्रोग्रॅममध्ये फेऱ्या मोजायलाही सगळे ‘आय’च वापरतात. पाच रीडिंगांची फेरी लावलीस की तुझा ४५ अंशांचा ‘आय’ गुपचूप शून्य, एक, दोन होत जातो आणि प्रोग्रॅम एका शब्दानंही तक्रार करत नाही. चलांना पूर्ण नावं दे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावंही चालतात, ‘आपतन’ आणि ‘अपवर्तन’ अशी सरळ लिहिता येतात. मी स्वतः तशीच लिहिते. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कुठला आकडा कशाचा हे वाचता येतं.

आता प्रोग्रॅम जरा बाजूला ठेव आणि टाचण्यांकडे ये, कारण खरं काम तिथं आहे. प्रोग्रॅम काचेला कधी पाहत नाही. तू कागदावर जे काढशील तेच त्याच्यापर्यंत पोचतं.

टाचण्यांचं सगळं मला आमच्या लॅबमधल्या मामांनी शिकवलं. ते शिकलेले फारसे नव्हते, पण काचेची चीप मांडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं पहिलं सांगणं, टाचणीचं डोकं बघू नको, पाय बघ. टाचणी जरा जरी तिरकी खोचली गेली तरी डोकं दोन-तीन मिलिमीटर सरकतं, पण ती कागदात जिथं शिरते ती जागा खोटं बोलत नाही. म्हणून डोळा बोर्डाच्या पातळीला आणायचा, एक डोळा मिटायचा, आणि काचेतून दिसणाऱ्या दोन टाचण्यांचे पाय आपल्या दोन टाचण्यांच्या पायांशी एका रेषेत आणायचे. मान डावी-उजवीकडे किंचित हलवायची. चारही एकत्र सरकल्यासारख्या दिसल्या तर रेषा जमली. एखादी वेगळी चालायला लागली तर ती काढून पुन्हा खोचायची.

दोन टाचण्यांमध्ये किमान सहा सेंटिमीटर अंतर ठेव. मुलं दोन-तीन सेंटिमीटरवर खोचतात आणि मग त्या दोन भोकांतून रेषा काढताना पेन्सिलीच्या जाडीनं एक-दीड अंश इकडंतिकडं होतो. पेन्सिल टोकदार हवी. चिपेची कड आखताना पेन्सिल काचेला टेकवून उभी धरायची, तिरकी धरली तर आखलेली चीप खऱ्या चिपेपेक्षा जाड होते. कडा टवके गेलेल्या असतील तर ती चीप परत करून दुसरी माग. आणि एकदा आखल्यावर चिपेला हात लावायचा नाही. हलली तर तो कागद बाद. दर कोनाला नवा कागद घे. एकाच कागदावर पाच कोन कोंबले की कुठलं भोक कुठल्या रेषेचं हे शेवटी कुणालाच कळत नाही.

यानंतर एक फाटक लाव, आणि ते प्रोग्रॅममध्येच लाव. चिपेच्या दोन्ही कडा समांतर असतात, म्हणून बाहेर पडणारा निर्गत किरण आत शिरणाऱ्या किरणाला समांतर असायलाच हवा. निर्गत कोनही मोज आणि तिसरा रकाना म्हणून दे. आपतन आणि निर्गत कोनांत एका अंशाहून जास्त फरक असेल तर प्रोग्रॅमनं अपवर्तनांक काढूच नये, ‘पुन्हा मांड’ एवढंच छापावं. उत्तर काय येतंय ते बघून रीडिंग टाकायचं की ठेवायचं हे ठरवणं वेगळं आणि उत्तर कळण्याआधीच अशी अट लावणं वेगळं. पहिलं मी कधीच मान्य करणार नाही. दुसरं रोज कर.

कोनमापकाबद्दल माझं मत चांगलं नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्धा अंश नीट वाचणंसुद्धा कठीण. त्यापेक्षा मोठं वर्तुळ काढ. किरण काचेत शिरतो त्या बिंदूवर कंपासचं टोक ठेवून १० सेंटिमीटर त्रिज्येचं. चीप उचलल्यावर आतला किरण कागदावर पुढं वाढव, वर्तुळाला भिडेपर्यंत. येणारा किरणही वर्तुळाला जिथं छेदतो तिथं खूण कर. त्या दोन्ही खुणांपासून स्तंभिकेवर गुण्यानं लंब टाक आणि पट्टीनं लंबांची लांबी मोज. ४५ अंशांना पहिला लंब ७.०७ सेंटिमीटर, दुसरा ४.६५ च्या आसपास. भागाकार हाच अपवर्तनांक. साइन नको, रेडियन नको, तक्ताही नको. पट्टीवर अर्धा मिलिमीटर चुकलीस तरी उत्तरात एका टक्क्याच्या आसपास फरक पडतो. कोनमापकावर अर्धा अंश चुकलीस तर पावणेदोन टक्के.

ही युक्ती माझी नव्हे, ती फार जुनी आहे. बगदादच्या इब्न सहलनं ९८४ च्या सुमारास अपवर्तनाचा नियम लांबींच्या गुणोत्तरातच मांडला होता. लायडनच्या स्नेलनं १६२१ मध्ये तो पुन्हा शोधला तोही लांबींच्याच भाषेत, पण हयातीत छापला नाही. साइनच्या रूपात तो छापून आला १६३७ मध्ये, देकार्तच्या पुस्तकात. तेव्हा वर्तुळ काढून लंब मोजताना आपण काहीतरी कमी दर्जाचं करतोय असं वाटून घेऊ नकोस. वर्तुळानं एक उत्तर काढ, कोनांनी प्रोग्रॅममधून दुसरं काढ. दोन वाटांनी एकाच घरी पोचलीस तर घर खरं.

कोन कुठले घ्यायचे हेही लॅबमध्ये क्वचितच कुणी सांगतं. पुस्तकातल्या तक्त्यात १०, २०, ३० असे रकाने पाडलेले असतात म्हणून मुलं दहापासून सुरू करतात. दहा अंश घेऊच नकोस. समज काचेचा खरा अपवर्तनांक १.५१५ आहे आणि अपवर्तन कोन वाचताना तू एक अंश जास्त वाचलास. आपतन कोन दहा असेल तर उत्तर १.३२ येईल, म्हणजे पाण्याच्याही खाली. तीस असेल तर १.४४. साठ असेल तर १.४८. चूक तीच, पण मोठ्या कोनाला ती कमी लागते. मग सत्तर-ऐंशी का घेऊ नये? तिथं बराचसा प्रकाश काचेच्या पृष्ठावरूनच परत फिरतो, टाचण्या फिकट दिसतात, कडांना रंग फुटतात आणि पाय एका रेषेत आणणं जिवावर येतं. तीस ते साठ यांतच राहा, आणि पाच रीडिंगं जीव लावून घे.

ती पाच रीडिंगं झाली की प्रत्येकाचा भागाकार काढून सरासरी घ्यायची, असं जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. मी तुला त्याहून चांगली रीत सांगते. समज तुझी रीडिंगं अशी आली: ३० ला १९.५, ४० ला २५, ४५ ला २८, ५० ला ३०.५ आणि ६० ला ३५. भागाकार अनुक्रमे १.४९८, १.५२१, १.५०६, १.५०९ आणि १.५१०. सरासरी १.५०९. आता हट्टानं दहा अंशांचं एक रीडिंग घेतलंस आणि ते ७ आलं. त्याचा भागाकार १.४२५. सरासरी एकदम १.४९५ वर घसरली. एका कच्च्या रीडिंगनं पाच पक्क्यांना खाली ओढलं, कारण सरासरीत सगळ्यांना सारखं मत.

त्याऐवजी आलेख काढ. आडव्या अक्षावर अपवर्तन कोनाचा साइन, उभ्यावर आपतन कोनाचा. शून्यातून जाणारी सरळ रेषा येते आणि तिचा चढ हाच अपवर्तनांक. प्रोग्रॅममध्ये हे दोन बेरजांचं काम आहे. प्रत्येक रीडिंगसाठी दोन साइनचा गुणाकार करून एका बेरजेत टाकत जा, अपवर्तन कोनाच्या साइनचा वर्ग दुसऱ्या बेरजेत. शेवटी पहिलीला दुसरीनं भाग. वरच्या पाच रीडिंगांना चढ येतो १.५१०. दहा अंशांचं सहावं घातलं तरी १.५०८. लहान कोनाचं रीडिंग रेषेच्या बुंध्याशी असतं, ते रेषेला फारसं हलवू शकत नाही. जितकं त्याचं वजन तितकंच त्याला मत, हे मला फार न्याय्य वाटतं.

आणि उत्तर लिही १.५१. प्रोग्रॅम तुला १.५०९५ आणि पुढं बारा आकडे छापून देईल. अर्ध्या अंशाच्या कोनमापकावरून आलेल्या उत्तरात ते बारा आकडे कुठून आले हे स्वतःला विचार. छापायच्या ओळीतच दोन दशांश स्थळं बांधून टाक, म्हणजे मोहच नको.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना मला अजून बरं वाटत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना ज्यांचं उत्तर नेमकं १.५० त्यांना भरघोस गुण द्यायचे. एका मुलीचं १.४६ आलं होतं. तिनं खोडलेली रीडिंगंही तशीच ठेवली होती, कागदावरची भोकं खरी होती, मांडणी खरी होती. तिला मी कमी गुण दिले. शेजारच्या मुलानं अपवर्तन कोन उलट्या गणितानं काढून तक्ता भरला होता, हे वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं, पण तोपर्यंत गुण लागलेले होते. त्या मुलीनं पुढच्या प्रयोगापासून खोडलेलं काही ठेवलं नाही. तिला खोटं लिहायला मी शिकवलं. नंतरची सगळी वर्षं मी आधी भोकं बघितली, मग उत्तर.

हा रोग नवा नाही. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनं दुसऱ्या शतकात काचेच्या अपवर्तनाचा तक्ता दिला आहे. त्याचे आकडे तुझ्या प्रोग्रॅममध्ये घाल, मोठी मौज आहे. आपतन कोन १०, २०, ३० असे ऐंशीपर्यंत. अपवर्तन कोन ७, १३.५, १९.५, २५, ३०, ३४.५, ३८.५, ४२. आता लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढ: ६.५, ६, ५.५, ५, ४.५, ४, ३.५. दर वेळी बरोबर अर्धा अंश कमी. हातानं मोजलेली रीडिंगं इतकी शिस्तीत कधी चालत नाहीत. त्याच्या मनात एक नियम होता आणि त्यानं आकडे त्या नियमाला जुळवून घेतले. प्रोग्रॅम अपवर्तनांक काय सांगतो बघ: १.४२५, १.४६५, १.४९८, १.५२१, १.५३२, १.५२९, १.५१०, १.४७२. चढतो आणि उतरतो. मधले आकडे काचेच्या फार जवळ आहेत, म्हणजे मोजणारा कुशल होता, यात मला शंका नाही. पण तो घासूनपुसून नीट केलेला तक्ता होता म्हणून खरा नियम त्यातून दिसला नाही, आणि तो हाती यायला आठशेहून जास्त वर्षं जावी लागली.

म्हणून तुझ्या प्रोग्रॅमनं अपवर्तनांकांबरोबर रीडिंगांमधले फरकही छापावेत. खरी रीडिंगं थोडी वाकडीतिकडी असतात. तो वाकडेपणा पुसू नकोस.

पुढच्या वर्षी तुला लोलक आणि स्पेक्ट्रोमीटर येईल. त्याबद्दल आता थोडंच सांगते. तिथं लोलकाचा कोन आणि न्यूनतम विचलन कोन मोजायचा, दोघांच्या बेरजेच्या निम्म्याचा साइन काढायचा आणि त्याला लोलकाच्या निम्म्या कोनाच्या साइननं भागायचं. सोडियमचा दिवा लावल्या लावल्या लालसर दिसतो, तो पुरता पिवळा होईपर्यंत दहाएक मिनिटं थांब, घाईनं रीडिंग घेऊ नकोस. व्हर्निअरवर ३८ अंश ३८ मिनिटं वाचलंस तर प्रोग्रॅममध्ये ३८.३८ लिहायचं नाही. मिनिटं साठानं भागायची, म्हणजे ३८.६३. साठ अंशांच्या लोलकाला ३८.३८ नं १.५१४ येतं आणि बरोबर आकड्यानं १.५१७. इतक्या चांगल्या यंत्रावर बसून तिसरं दशांश स्थळ हातानं घालवायचं म्हणजे दुःखच. आणि एक रीडिंग ३५५ अंश, दुसरं ३३ अंश असं आलं तर वजाबाकी ३२२ नव्हे. मधे शून्य ओलांडलं गेलंय, ३३ मध्ये ३६० मिळवून मग वजा कर, ३८ येतील. हे प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेव.

मी पिवळा दिवा म्हटलं ते उगीच नव्हे. काचेचा अपवर्तनांक हा एक आकडा नसतोच, प्रत्येक रंगाला वेगळा असतो. कॅमेऱ्याच्या भिंगांत चालणारी शॉट कंपनीची बीके-७ ही काच घेतली तर लाल प्रकाशाला १.५१४, पिवळ्याला १.५१७, निळ्याला १.५२२. येना शहरात ओटो शॉटनं एर्न्स्ट आबेबरोबर १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हे आकडे काच बनवणारे छापून देतात. तरंगलांबी घातली की अपवर्तनांक देणारं सेलमायरचं सूत्रही त्यांच्या तक्त्यात गुणकांसह असतं आणि त्याचा प्रोग्रॅम चार ओळींचा आहे. तिथली खोच एवढीच की तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये हवी. पिवळ्या सोडियमला ०.५८९३ लिहायचं. ५८९.३ नॅनोमीटर तसेच घातलेस तर पुन्हा आपली रेडियनचीच गोष्ट, नव्या वेषात.

स्वयंपाकघरात करण्यासारखी एक तपासणी राहिली. बोरोसिलिकेट काचेची कांडी, लॅबमध्ये ढवळायला असते ती, शेंगदाणा तेलाच्या वाटीत बुडव. बुडलेला भाग जवळजवळ दिसेनासा होतो, कारण दोघांचाही अपवर्तनांक १.४७ च्या आसपास आहे. साध्या काचेची पट्टी त्याच तेलात अंधूक का होईना, दिसत राहते. आकडा न मोजता, साइन न काढता डोळ्यांना कळतं की या दोन काचा वेगळ्या आहेत. तुझ्या प्रोग्रॅमनं उद्या दोघींचं उत्तर सारखं दिलं तर तेलाच्या वाटीवर विश्वास ठेव आणि प्रोग्रॅम पुन्हा तपास.

आज रात्री तो प्रोग्रॅम दुरुस्त कर आणि आधी तीसचा साइन विचार. ०.५ आला की मला कळव. रविवारी घरी येताना वही आण, फोटो नको, खोडलेल्या रीडिंगांसकट आण. मी आपल्या काचवाल्याकडून बारा मिलिमीटर जाड काचेचा तुकडा कडा घासून मागवला आहे. तो कुठल्या भट्टीतून आला हे त्यालाही ठाऊक नाही आणि त्याचा अपवर्तनांक कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. तो आपण दोघी मिळून काढू.